उंबऱ्यापर्यंत आलेला माणूस

लेक चीनमध्ये डॉक्टरकी शिकते. तिला भेटायला गेले तेव्हा ती मला एक जुनं गाव दाखवायला घेऊन निघाली. मी आधीच वैतागलेली. प्रवासानं पाय सुजलेले, चार दिवस पोटात भाकरी नाही. म्हटलं, "जुनी घरं बघायला इतक्या लांब कशाला? आपल्या पाथरीला काय कमी पडझड आहे?"

"आई, आधी बघ, मग नावं ठेव," ती म्हणाली. नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

गाव बघितलं आणि माझीच बोलती बंद झाली. गावातून कालवे वाहतात आणि घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पांढऱ्या भिंती ओल चढून खालून काळ्या पडलेल्या. काळी कौलं, टोकाला वर वळलेली. खिडक्यांना लाकडाची कोरीव जाळी. पुलाजवळ फोटो काढणाऱ्यांची झुंबड होती, पण आम्ही मागच्या गल्लीत शिरलो तर तिथं चिटपाखरू नाही. नुसती बंद दारं. दिवसाउजेडी त्या गल्लीत मला कुणीतरी मागून चालत असल्यासारखं वाटत होतं.

एक दार उघडं होतं. एक म्हातारी तिथं शेंगा सोलत बसली होती. लेकीनं तिच्याशी गोड बोलून आत जायची परवानगी काढली. उंबरा चांगला गुडघ्याला लागेल एवढा, लाकडाचा. तो ओलांडला तर समोर भिंतच. भिंतीला वळसा घातल्यावर चौक, आणि चौकापलीकडं मोठी खोली.

"दारात भिंत बांधायची ही कुठली अक्कल?" मी म्हटलं. लेकीनं ते जरा मऊ करून विचारलं असावं. म्हातारीनं सांगितलं, भुतं सरळ चालतात, त्यांना वळता येत नाही. आणि उंबरा उंच, कारण मेलेल्या माणसाला पाय उचलता येत नाही.

लेक हसली. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. माझ्या माहेरी, पिंगळीच्या घरात दारासमोर भिंत नाही. रस्त्यावरून बघितलं तरी सरळ दिसते ती माझ्या वडिलांची तसबीर, हार घातलेली.

वडील म्हणजे आमचे दादा. मी तिसरीत असताना ते पूर्णेच्या बाजारात बैल बघायला म्हणून सकाळच्या गाडीनं गेले. ते आलेच नाहीत. भांडण नव्हतं, दुखणं नव्हतं. काकांनी दवाखाने पालथे घातले, देवऋषी झाले, पोलीस झाले. माय कुंकू लावत राहिली. दिवेलागणीला दार उघडं ठेवून बसत राहिली.

बारा वर्षं झाली आणि भावकी जमली. आमच्याकडं बेपत्ता माणसाची इतकी वर्षं वाट बघतात, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. घरातलं कार्य अडतंय, आत्मा भटकतोय, असं सगळे म्हणायला लागले. माय एकच बोलली, "पानाला म्या नवरा म्हणू का?" तिला विचारत कोण होतं! पानांचा माणूस जळाला. मायच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं. दादांचा लग्नातला फोटो मोठा करून दारासमोर लावला.

पुढच्या वर्षीची गोष्ट. मी माहेरी आले होते. दिवेलागणीला माय आणि मी मागं गोठ्यात होतो. पुढून शेजारची काकू धावत आली. "आगं, तुमच्या दारात कोन आल्तं? दाढीवाला, खांद्याला पिशवी. उंबऱ्यापाशी उभा ऱ्हाऊन आत बघत व्हता. म्या हटकलं तं काईच बोलला न्हाई. टेशनाकडं गेला बघा."

भाऊ चप्पल न घालता पळाला. गाडी निघून गेली होती.

मायनं एकच विचारलं, "कुठपातुर आल्ता?"

"उंबऱ्यापातुर."

भिकारी असेल, भाऊ म्हणाला. असेलही. पण ज्याचे दिवस घातले तो जिवंत परत आला, तर त्यानं तसंच घरात शिरायचं नसतं, घराचं वाटोळं होतं. आमच्याकडं हे शेळ्यांमागं फिरणाऱ्या पोरालाही माहीत असतं. दादांना माहीत नसेल? स्वतःचं तोंड हारात बघितलं आणि ते आल्या पावली मागं फिरले, असं मला आजही वाटतं. भर वर्गात शिकवताना तो दाढीवाला माझ्या डोळ्यांपुढं येऊन उभा राहतो. त्याला मी बघितलेलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून माय दिवेलागणीला पदर पार भुवयांपर्यंत ओढून दारात बसते. आम्हाला वाटायचं, तिला दिव्याचा उजेड सोसत नाही.

चीनमधल्या त्या खोलीत म्हातारीच्या घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी ओळीनं होत्या. मी विचारलं, सगळे आहेत का इथं? ती म्हणाली, थोरला मुलगा नाही. बोटीवर कामाला गेला, त्याची बातमीच नाही. बातमी नाही म्हणून तसबीर नाही.

"आणि तो आला तर?" मला राहवेना. "एवढा उंच उंबरा, वर ती भिंत!"

म्हातारी आम्हाला परत दाराशी घेऊन आली. वाकून तिनं उंबऱ्याची फळी दोन्ही हातांनी धरली आणि खाचेतून सरकन वर ओढली. उंबरा निघून आला! लेकीनं मला सांगितलं, "आई, त्या रोज संध्याकाळी काढून ठेवतात. झोपताना परत बसवतात. म्हणतात, तो जिवंत असेल तर प्रश्नच नाही. आणि नसेल, तर पाय उचलायला नको. भिंतीपाशी कुठं वळायचं, ते घरच्या माणसाला माहीत असतं."

मी त्या परक्या बाईच्या दारात ढसाढसा रडले. ती परत शेंगा सोलायला बसली, आणि थोड्या वेळानं तिनं मला गरम पाण्याचा पेला दिला.

परत आल्यावर मी सामानसुद्धा न सोडता पिंगळी गाठली. सांज होत आली होती. माय दारात बसलेली, पदर भुवयांवर. मी स्टूल घेतलं आणि तसबीर उतरवली. भाऊ चिडला, "लोक काय म्हणतेल?"

"लोकांनी तेराव्याला जेवायचं तेवढं जेवून घेतलंय," मी म्हटलं. "आता गप बसावं."

भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. माय त्याच्याकडं बघत बसली. मला वाटलं, तिला बरं वाटेल. मग तिनं पदर हळूच मागं सारला.

"तसबीर तू काढलीस गं बाई. ह्या कपाळाचं काय करू? त्यो आला तं आधी ह्येच दिसतंय."

इतकी वर्षं ती काय झाकत होती, ते मला तेव्हा कळलं. भाऊ खाली मान घालून उभा होता. माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. मोठी, लाल टिकली मी काढली. मायनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं आणि मी ती लावली. तिचं कपाळ अगदी स्थिर होतं.

"दिसायलीय का दारातून?" तिनं विचारलं. "भाईर जाऊन बघ."

ती उठून आत गेली आणि त्या पांढऱ्या डागाखाली उभी राहिली. मी उंबरा ओलांडून बाहेर आले. काकूनं सांगितलं होतं तिथंच, त्या माणसाच्या जागी उभी राहिले आणि आत बघितलं.

"दिसतीय, माय," मी म्हटलं.