खैरानला नेलेला अल्बम आणि बंद दुकानांचा फोटो

कुवेतच्या किनाऱ्यावरच्या खैरानला गेले ती समुद्रासाठी नाही. उम्म युसुफचा फोन आला होता. "या शुक्रवारी चल. अल्बम लावायचाय आणि माझे डोळे आता पुरे पडत नाहीत."

उम्म युसुफ मूळची पोलंडची अ‍ॅना. नर्स म्हणून कुवेतला आली, इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि इथल्या रीतीने थोरल्या मुलाच्या नावावरून 'युसुफची आई' झाली. माझी लेक जन्मली तेव्हा वॉर्डात तीच होती. तेव्हापासूनची आमची मैत्री. तिचे वडील एका लहान गावात फोटोग्राफर होते. अर्धं गाव ज्यू. त्यांची लग्नं, शाळा, बाजार वडिलांनी युद्धापूर्वी टिपले होते. आता तिथल्या एका संग्रहालयाने ते फोटो मागितले होते.

रुमैथियाहून आईला घेऊन येताना युसुफने मला मंगफला घरून गाडीत घेतलं. पन्नाशीला आलेला माणूस, पण आधी पिशवीत डोकावला. "खालती, पुऱ्या?" खालती म्हणजे मावशी. तिखटमिठाच्या निम्म्या पुऱ्या वाटेतच संपल्या. रस्ता सरळ आणि उत्तम. दोन्हीकडे वाळू, विजेचे खांब, मध्येच उंट. तासाभरात पोचतो. जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि दूध-पाणी आधीच घ्या. आम्ही घेतलं नाही.

त्यांच्या तिथल्या सुट्टीच्या घरी, समुद्राकडच्या खोलीत अल्बम उघडला. भुवया ताणून बसलेली नवरी, पुस्तकावर वाकलेली पोरं, हातात मासा धरून हसणारी बाई. एक फोटो मात्र वेगळ्या पाकिटात होता. बर्फातली गल्ली, ओळीने बंद दुकानं, माणूस एकही नाही.

"हा देणार नाही," उम्म युसुफ म्हणाली. "फाडणार आहे. नाझींनी सगळ्यांना नेल्यावर माझा बाप तिथे जाऊन उभा राहिला. शेजारी गेले, आणि ह्याने कॅमेरा काढला! तो होता तोवर विचारायचं धाडस झालं नाही."

चहा करावा म्हटलं तर दूध नाही. युसुफ आणि मी किराणा दुकानापर्यंत गेलो. शटर खाली.

"आज शुक्रवार, खालती! इतकी वर्षं इथे राहून आई आणि तू, दोघी विसरता," असं म्हणून तो शेजारच्या मशिदीत नमाजाला गेला.

मी गाडीत बसून शटरकडे बघत राहिले आणि रेवदंडा आठवलं. आमच्या शेजारच्या एस्तेरमावशी तेलवाल्या. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, कारण शनिवारी घाणा बंद. कॉन्व्हेंटला शनिवारी सुट्टी, म्हणून आई मला नेमकी त्याच दिवशी तेलाला पिटाळायची. मी दार ठोठावायचे. आतून हसण्याचे आवाज, आणि मग खिडकीतून मावशी, "अगो, आज शब्बाथ ना! उद्या ये."

परत येऊन मी भिंग मागितलं.

"उम्म युसुफ, हा शनिवार असेल तर? त्या दिवशी ते लोक दुकानं उघडत नाहीत. माणसं घरात असतात."

"माझ्या समाधानासाठी बोलू नकोस."

"नाही बोलत. ही खिडकी बघ."

तिने भिंग डोळ्याशी नेलं. पडदा अर्धा सरकवलेला, आत टेबलाचा कोपरा आणि त्यावर दोन मेणबत्तीदाण्या.

"आई सांगायची, त्यांना नेलं त्याच दिवशी घरं लुटली," ती म्हणाली. "चमचेसुद्धा उरले नाहीत." भिंग खाली ठेवलं. "मग ह्या दाण्या कशा राहिल्या?"

तिने फोटो फाडला नाही, अल्बममध्येही लावला नाही. पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला. दुपारी पापलेटाचा मचबूस, म्हणजे इथला मसालेभात, जेवलो. युसुफने विचारलं, "आई, मासा गोड लागला ना?" तिने नुसती मान हलवली.

मंगफला परतल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. ते इंजिनिअर, लगेच म्हणाले, "एका खिडकीवरून तारीख ठरत नाही." खरं आहे. शिवाय ती माणसं पुढे वाचली, असंही त्यातून होत नाही. पण त्या शनिवारी दारं आतून लावलेली होती, असं मी मानते. आमच्या मावशींच्या दाराचा फोटो कुणी काढला नाही. मी सहावीत असताना त्या कायमच्या इस्रायलला गेल्या, आणि आमच्या घरी तेल वाण्याकडून येऊ लागलं.

काल उम्म युसुफचा निरोप आला. "पार्सल गेलं. तो फोटोही घातला. मागे नुसतं 'शनिवार' लिहिलंय, पुढे प्रश्नचिन्ह. बाबांना विचारायला हवं होतं."