पहिली पोळी

अ‍ॅलिस स्प्रिंग्जला बदली घेतली तेव्हा मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या मैत्रिणींनी मला निरोपाचं जेवण दिलं आणि जेवताना सगळ्या माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. तिथे कढीपत्ता मिळतो का, इथपासून तिथे माणसं राहतात का, इथपर्यंत चौकशी झाली. मी एकटी, विजेच्या खात्यात इंजिनिअर, मेलबर्नच्या जाण्यायेण्याला विटलेली. मला वाळवंट चालणार होतं.

घर मिळालं ते गावाच्या अगदी कडेला. मागचं फाटक उघडलं की तांबड्या मातीची पायवाट सुरू होते आणि काटेरी गवताच्या झुबक्यांमधून वळत टेकडीवर चढते. वर एक सपाट खडक आहे. तिथून एका बाजूला गाव दिसतं आणि दुसऱ्या बाजूला काहीच दिसत नाही. ऑफिसच्या आधी मी रोज तिथवर जाऊन येते. वाळवंट रिकामं असतं हा माझा समज पहिल्याच आठवड्यात मोडला. उन्हाळ्यात माझ्याहून लांब घोरपड वाटेत आडवी पसरलेली असते आणि तिने उठायची कृपा करेपर्यंत मला थांबावं लागतं. खडकाच्या कपारींत छोट्या वॉलबी राहतात, कांगारूच्याच कुळातल्या, पण मांजराहून थोड्याच मोठ्या. थंडीत सकाळी त्या ऊन खात बसतात. त्यांनी त्यांच्या जागी बसावं, मी माझ्या वाटेने जावं, असा माझा हिशेब. प्राण्यांशी लाडेलाडे बोलणारी माणसं मला सोसत नाहीत.

मग बाबा गेले आणि मी आईला इथे घेऊन आले.

आली खरी, पण ती घराबाहेर पडेना. सकाळी अंघोळ, स्वयंपाक, आणि मग पडदे ओढून सोफ्याच्या एका टोकाला बसून राहायची. बोलायला गेलं की "बरं आहे" म्हणायची. मिरचीसारखी तिखट माझी आई, तिच्या तोंडून दिवसभर "बरं आहे" ऐकून मला भीती वाटायला लागली होती. ती अशीच बसून बसून संपेल असं मला खरोखर वाटत होतं.

एक गोष्ट मात्र तिने सोडली नव्हती. पुण्याला आमच्या घरी पहिली पोळी गायीची. आई ती तूप लावून घडी घालून ठेवायची आणि बाबा सकाळी फिरायला जाताना कागदात गुंडाळून न्यायचे. कोपऱ्यावरच्या गोठ्यातली गाय त्यांना लांबूनच ओळखायची. तिने करायची, त्यांनी न्यायची, ही वाटणी मला कळायला लागल्यापासून तशीच होती. इथेही ती रोज पहिली पोळी बाजूला काढायची. फ्रिजमध्ये त्या पोळ्यांची चळत झाली.

"आई, इथे गाय बघायची तर दोन तास ड्राइव्ह करावं लागेल," मी एकदा म्हटलं. "आणि ती तुला बघून पळेल."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी शूज घालत असताना दारात येऊन उभी राहिली. "त्या टेकडीवर काय असतं गं?"

मी तिला माझे जुने शूज दिले. साडी वर खोचून, हातात कागदाची पुडी घेऊन ती माझ्या मागे आली. दर थोड्या वेळाने थांबत, धापा टाकत, पण वरपर्यंत आली. खडकावर एक वॉलबी बसली होती, एका कानाचा कोपरा फाटलेली. पुढचे दोन्ही पाय छातीशी धरून ती आमच्याकडे बघत होती.

"हात जोडून बसलीय बाई," आई म्हणाली आणि तिने पुडी उघडून पोळी खडकावर ठेवली.

जंगली जनावरांना खायला घालू नये हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. पण आई कित्येक आठवड्यांनी स्वतःहून घराबाहेर पडली होती आणि एक वाक्य पूर्ण बोलली होती. एका पोळीने काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. माझ्या आधी आईचे शूज चढलेले असायचे. ती चढावर माझ्या पुढे जायला लागली. पाऊलखुणा बघून रात्री कोण येऊन गेलं ते सांगायला लागली, पक्ष्यांच्या भांडणात बाजू घ्यायला लागली. फाटक्या कानाची वॉलबी आमची वाट बघत बसायची, आणि आई तिला गावाकडच्या बातम्या सांगायची. कोणाची सून कशी वागते हे त्या वॉलबीला माझ्या आधी कळायचं. पडदे उघडे राहायला लागले. माझ्या चालण्यावर, केसांवर, भाजी चिरण्यावर टीका सुरू झाली आणि मला इतकं बरं वाटलं की मी उलटून बोलायचंही विसरले.

थंडी सरत आली तेव्हा त्या वॉलबीचा गाल सुजलेला दिसला. मी फोटो काढून ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला दाखवला. ती घरी अनाथ पिल्लं सांभाळते. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्चीत मागे टेकली. कोणीतरी हिला ब्रेड घालतंय, ती म्हणाली. मऊ अन्न यांच्या हिरड्यांत अडकतं, कुजतं आणि मग जबडा सडतो. "लोकांना वाटतं आपण प्रेम करतोय, मेट."

मी फोन परत घेतला. घरी जाताना मी थापा जुळवत होते. कौन्सिलने वाट बंद केलीय म्हणावं, नाहीतर दंड होतो म्हणावं. खरं सांगितलं तर आई पुन्हा सोफ्याच्या त्या टोकाला जाऊन बसेल आणि या वेळी उठणार नाही, याची मला खात्री होती. बाबांचं म्हणून जे काही तिच्या हातात उरलं होतं, त्यानेच एक जीव दुखावला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

घरात शिरले तर ती कणीक मळत होती. वेगळ्या भांड्यात, दूध घालून.

"तिची दाढ दुखतेय गं," आई म्हणाली. "चावताना मान वाकडी करते. उद्यापासून दुधातली मऊ करते. लवंगेची पूड घातलीय थोडी."

मग थापा मारणं जमलं नाही. ओट्याला टेकून मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग हात धुतले, ती कणीक झाकून ठेवली आणि विचारलं, "बरी होईल ना?"

मैत्रिणीने पिंजरा लावून वॉलबीला धरलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. हाडापर्यंत सडलं होतं. त्यांनी तिला कायमच्या झोपेचं इंजेक्शन दिलं. हेही मीच आईला सांगितलं. "दुखलं नाही ना तिला?" एवढंच तिने विचारलं आणि खोलीत गेली.

पडदे पुन्हा ओढले गेले. मी एकटीच टेकडीवर जायचे आणि खडकाशी न थांबता परतायचे. मला तिचा राग यायचा, मग स्वतःचा, मग उगाचच बाबांचा.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी बघते तर ती शूज घालून दारात उभी, आणि हातात कागदाची पुडी.

"आई, नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढलाच.

"चल तर," ती म्हणाली.

ती पुढे, मी मागे, अशा आम्ही वर चढलो. वर दोन वॉलबी होत्या, लांबच्या कपारीपाशी, आमच्याशी काही देणंघेणं नसलेल्या. आई खडकावर बसली, पुडी उघडली, पोळीचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातात दिला.

"पहिली पोळी आहे," मी म्हटलं.

"माहितीय. मीच केलीय." तिने आपल्या भागाचा घास तोडला. "एवढ्या वर्षांत मी कधी पहिली पोळी खाल्ली नाही. त्यांनीही नाही. आधी गाय, मग ते, मग तू, मग मी. माझ्यापर्यंत येईतो ती गार व्हायची."

ती सावकाश चावत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायच्या भानगडीत ती पडली नाही. मीही खाल्ली. पोळी अजून कोमट होती, तूप कागदाला लागलं होतं.

खाऊन झाल्यावर आईने बोट ओलं केलं आणि खडकावर सांडलेला कण न् कण टिपून घेतला. पदराने तो दगड पुसला, वाकून पुन्हा एकदा नीट बघितलं, आणि मगच उठली.