किसनकाकांना माहीत असलेली नदी

नदीकाठी पोचले की किसनकाका आधी मूठभर कोंडा पाण्यावर टाकायचे आणि तो कुठे जातो ते विडी संपेपर्यंत बघायचे. त्यावरून बुडालेला माणूस कुठे वर येईल, हे ते सांगत. दापोडीत पवना मुळेला मिळते. त्या संगमाच्या आसपास कुणी बुडालं की अग्निशमनवाले आधी आमच्या चाळीत येत. काकांची खोली आमच्या खोलीला लागूनच होती. जन्मभर कंपनीत फिटर असलेल्या या माणसाला हे काम कुणी दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. माझ्या पुस्तकातल्या नदीला उगम असतो, उपनद्या असतात. काकांच्या नदीत डोह होते, आणि प्रत्येक डोहाला त्यात गेलेल्या माणसाचं नाव होतं. गावाचा इतिहासही मी त्यांच्याकडूनच ऐकला. पूल नव्हता तेव्हा लोक कुठल्या उतारावरून पलीकडे जात, रेल्वे आल्यावर वस्ती कुठे सरकली, कारखान्यांत कामाला आलेल्या आमच्या आजोबांना नेमकी पुराच्या पट्ट्यातलीच जागा का मिळाली. "चांगली जागा आधीच वाटून झालेली असती, पोरी. आपल्या वाट्याला उरलेली," असं म्हणून ते हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा.

बोलायला फटकळ. नातेवाईक हंबरडा फोडत आले की म्हणत, "आधी अंगात कपडे कुठले होते ते सांगा. रडायला जन्म पडलाय." पण प्रेत हाती लागलं की खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या तोंडावर टाकायचे ते हेच. "नदी माणूस ठिवून घेत नाय. उशीर करती, पण देती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी धरणातून पाणी सोडलं होतं. माझा धाकटा भाऊ सुनील चाकणहून शिफ्ट करून आला, काठावर लावलेली गाडी वर काढायला गेला आणि पाय घसरून प्रवाहात पडला. त्या लोंढ्यात कोंडा दिसेना, तेव्हा काकांनी आठवणीवरूनच सांगितलं, संगमाच्या खाली, अलीकडच्या काठाला, जुन्या धोबीघाटाच्या दगडांशी तिसऱ्या दिवशी मिळेल. आई तिथे जाऊन बसली. काकाही तिच्याशेजारी बसले. अग्निशमनवाले म्हणाले, पलीकडचा काठही बघतो. काका म्हणाले, गरज नाही. आम्हीही काकांचंच ऐकलं.

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. सुनील दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या काठाला सापडला होता. तिथली पोलीस चौकी वेगळी, त्यामुळे त्याची नोंद बेवारस म्हणून झाली होती. वरच्या अंगाला कुणीतरी राडारोड्याचा भराव टाकून नदी निम्मी केली होती आणि धार पलीकडे सरकली होती. गुडघे गेल्यापासून काका तिकडे फिरकले नव्हते. त्यांना हे माहीतच नव्हतं.

अंत्यविधीनंतर ते आमच्या दारात आले. आत आले नाहीत.

"वहिनी, मी तुमाला जुनी नदी सांगितली," ते म्हणाले. "ती आता नाय."

उत्तर आईने नाही, मी दिलं. माझा भाऊ तीन दिवस बेवारस पडला तो तुमच्यामुळे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. खरं होतं, पण बोलायला नको होतं.

त्यानंतर कुणीही बोलवायला आलं की काका "मला म्हाईत नाय" म्हणून दार लावून घ्यायचे. मी जिन्यात दिसले तर माघारी वळायचे. मध्ये एक भिंत ठेवून आम्ही असे तीन वर्षं राहिलो. मी मनात आणलं असतं तर एका वाक्यात हे संपलं असतं. मी ते मनात आणलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. विहारातली माणसं आली, वंदना झाली. आई त्यांच्या उशाशी बसून राहिली, उठेना. मी तिला उठवायला वाकले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "भावजी चार दिवस माझ्याशेजारी उपाशी बसले होते. तू दोनदा घरी जाऊन जेवून आलीस."

मी तीनदा जेवले होते.