पंपात उरलेलं

इंदिरानगरात आमच्या गल्लीत कुणाला माझं घर विचारलं, तर लोक बंगल्याचा नंबर सांगत नाहीत. 'त्या कुत्र्यांच्या काकू ना,' म्हणतात आणि हात करतात. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की यांच्यातलंच कुणीतरी सकाळी माझ्या फाटकाला खरजेनं सोललेलं पिल्लू सुतळीनं बांधून पळून जातं आणि संध्याकाळी नाकाला रुमाल लावून विचारतं, काकू, वास फार येतो हो तुमच्याकडे. येणारच. तुम्हीच आणून दिलाय.

नोकरीतून मोकळी झाले तेव्हापासून हे चाललंय. पार्किंगमध्ये गाडी नाही, तिथे गोणपाटं आणि सलाईन अडकवायला एक जुना कपड्यांचा स्टँड आहे. जखमेतले किडे चिमट्याने काढताना माझा हात थरथरत नाही. लोक म्हणतात, किती पुण्याचं काम करता. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी पुण्यासाठी करत नाही आणि खरं सांगायचं तर नुसत्या प्रेमानेही करत नाही. मला राग येतो म्हणून करते. हौसेनं आणलेलं गुबगुबीत पिल्लू मोठं झालं, आजारी पडलं की पाथर्डी फाट्याला सोडून येणाऱ्यांचा राग. आंधळ्या झालेल्या कुत्र्याला 'त्याचं नशीब' म्हणणाऱ्यांचा राग. या रागावर मी दहा वर्षं पहाटे उठते आहे.

तर हा राग घेऊन मी पोळ्याला भावाच्या मळ्यात गेले होते.

माझा थोरला भाऊ गावापासून फार लांब नाही, मखमलाबादच्या पुढे शेती करतो. झेंडू, शेवंती, मधे मधे कोथिंबीर आणि मेथी. बैल विकून बरीच वर्षं झाली. आता पोळ्याला ट्रॅक्टर धुतात. त्या दिवशीही ट्रॅक्टर धुऊन पुसून उभा होता, बॉनेटवर हळदीकुंकू, पुढे झेंडूचा हार, आणि वहिनी त्याच्या चाकापाशी पुरणपोळीचा नैवेद्य ठेवत होती. मला त्याचं हसू आलं, वाईट काहीच वाटलं नाही. मग माझी नजर शेडकडे गेली.

शेडच्या खांबाला मळ्याचा कुत्रा साखळीने बांधला होता. त्याला मी दोन वर्षांपूर्वी बघितलं तेव्हा तो तांबूस रंगाचा होता. आता रंग सांगण्याइतके केसच उरले नव्हते. कातडी जाड आणि करडी पडलेली, कानांच्या आत गोचिडांचे घोस, आणि साखळी जिथे मानेला घासत होती तिथे ओली जखम. पाण्याचा डबा उलटा पडला होता. ट्रॅक्टरच्या नैवेद्याकडे बघून तो शेपटी हलवत होता.

तळपायाची आग मस्तकाला गेली. पंगत बसली होती, वहिनीच्या माहेरची माणसं आली होती, पण मला काही दिसेनासं झालं. मी दादाला सगळ्यांसमोर बोलले. लोखंडाला पुरणपोळी घालतोस आणि रात्रंदिवस मळा राखणाऱ्या जिवाला पाणी नाही? लाज कशी वाटत नाही? उद्या तुला असंच खांबाला बांधलं तर? आणखीही बरंच बोलले. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की मला स्वतःलाही आवरत नाही. दादा वाढता वाढता थांबला, हातातली आमटीची बादली खाली ठेवली आणि एवढंच म्हणाला, "बघतो मी त्याचं. तू जेव."

मी जेवले नाही. तरातरा निघाले. साखळी सोडून कुत्र्याला रिक्षात घालून आणणं मला सहज जमलं असतं. त्याऐवजी मी बोलले आणि पाठ फिरवली. घरी येईपर्यंत मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला भाजीबाजारातून परत जाताना दादाची पिकअप माझ्या फाटकाशी थांबली. मागच्या हौद्यात गोणपाटावर कुत्रा आडवा पडला होता. तोंडातून लाळेची धार, चारही पाय ताठ होऊन थरथरत होते, मागून घाण वाहत होती. मी पापणी उचलून बघितलं. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"काय घातलंस याला?"

"काय नाय घातलं. काल फुलांना फवारलं, त्या पंपात उरलं व्हतं थोडं. गोचिडं लय व्हती ना, ते मारलं अंगावर. सगळेच मारतात."

सगळेच मारतात. हे मात्र खरं होतं, मला चांगलं माहीत होतं. आमच्याकडे फवारणी झाली की पंपाच्या तळाशी जे उरतं ते कुणी फेकून देत नाही. ढेकूण झालेल्या बाजेवर मारतात, कोंबड्यांच्या खुराड्यात मारतात, गोचीड झालेल्या जनावरावर मारतात. महागाचं औषध वाया कशाला घालवायचं. लहानपणी आमच्या अंथरुणांवरही मारलेलं मला आठवतं, आणि त्या वासात आम्ही भावंडं शांत झोपायचो. आमच्या भागातला हा अगदी रोजचा शहाणपणा आहे, आणि त्यानं किती जनावरं गेली ते कुणीही मोजलेलं नाही.

हे सगळं माहीत असून मी त्याला जे बोलायचं ते बोलले. विष अंगावर ओततोस, अक्कल आहे का, माणूस आहेस का कोण आहेस. कुत्र्याला मी एकटीनेच ओढून खाली घेतलं. दादा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिला होता. मी मनात म्हटलं, बरं झालं, वाटू दे लाज. जरा वेळाने त्याने मान वर केली, गाडी सुरू केली आणि निघून गेला.

आमचे जनावरांचे डॉक्टर तरुण आहेत, बोलतात कमी. त्यांना फोन केला तर म्हणाले, आधी साबण लावून धुवा, दोनदा धुवा, मी पोहोचतोच. कुत्र्याला फरशीवर आडवं धरून मी धूत होते आणि त्याच्या अंगावरून पांढुरका फेस वाहत होता. त्याचा तो वास आजही माझ्या नाकातून गेलेला नाही. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं आणि म्हणाले, "कुठलं औषध होतं ते कळलं तर बरं. बाटलीचा फोटो मागवा."

दादाने फोन उचलला नाही. मग वहिनीला लावला. ती हळू आवाजात बोलत होती.

"ते पडलेत. कालपासून उलट्या चालल्यात, डोकं धरलंय. सकाळी मी नको म्हणत व्हते तरी तुमच्याकडं कुत्रं घेऊन गेले."

"बरं, बाटली कुठली होती? तिचा फोटो पाठव. लगेच पाठव," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

हे मी जसं घडलं तसं लिहिते आहे. मला ते ऐकू आलं नव्हतं असं नाही. शब्दन् शब्द ऐकू आला होता. पण त्या वेळी माझ्यासमोर एक जीव तडफडत होता आणि दुसरा मला दोषी म्हणून हवा होता. दोषी माणसाच्या उलट्यांकडे कोण लक्ष देतं?

फोटो आला. डॉक्टरांनी नाव वाचलं, मान हलवली आणि आणखी एक इंजेक्शन भरलं. भरता भरता विचारलं, "फवारणारा माणूस कसा आहे?"

"त्याला काय होतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "हेच होतं, काकू. माणसालाही हेच होतं. लाळ सुटते, उलट्या होतात, डोकं जड पडतं, डोळ्यांपुढे धूसर होतं. हातमोजे घालतात का ते? तोंडाला काही बांधतात?"

मला उत्तर माहीत होतं. माझा भाऊ औषध पिंपात कालवतो ते कोपरापर्यंत हात घालून, हाताने. काठी नीट ढवळत नाही म्हणतो. तोंडाला टॉवेल गुंडाळतो, तो घामाने भिजला की त्याच टॉवेलने तोंड पुसतो. हे मी पंधरा-वीस वर्षं पाहते आहे. दर वेळी मळ्यात गेले की वासाने नाक मुरडलं आहे आणि म्हटलं आहे, जरा लांब फवार रे, कपड्यांना वास लागतो.

मी लगेच वहिनीला पुन्हा फोन केला. म्हटलं, त्याला दवाखान्यात ने. ती म्हणाली, "ऐकत नाय ते. फवारणीच्या दिवसाला त्यांचं असंच ऱ्हातं ताई. दोन दिवस पडतात, मग उठतात. चार-पाच वर्सं झाली." मी ओरडले, चार-पाच वर्षं झाली आणि मला एकदाही सांगितलं नाही? त्यावर ती रागावली नाही, रडली नाही. "तुमी तुमच्या कुत्र्यांच्या गडबडीत असता," म्हणाली. पाठीमागून दादाचा आवाज आला, "तिला सांग, बरा हाय मी."

बरा हाय. यावर विश्वास ठेवणं मला त्या दिवशी फार सोयीचं होतं. कुत्र्याला दर काही वेळाने इंजेक्शन होतं, कूस बदलायची होती, तोंडातली लाळ पुसायची होती. मी त्याच्यापाशी बसून राहिले. तीन दिवस मी त्या कुत्र्याच्या हिरड्यांचा रंग बघत होते, श्वास मोजत होते, त्याची पातळ शी कागदात बांधून डॉक्टरांना दाखवत होते. दादाला त्या तीन दिवसांत मी चार वेळा फोन केला. त्याने एकदाच उचलला आणि कुत्र्याचं विचारलं. मी कुत्र्याचं सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी कुत्रा उठून उभा राहिला. पाय फाकवून, डुलत, पण उभा राहिला, आणि भांडंभर पाणी प्यायला. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाल्या, केवढं पुण्य हो तुमचं. मी त्यांना काहीतरी वाईटसाईट बोलले. त्यांची काही चूक नव्हती. नंतर माफी मागायला गेले नाही, ते राहूनच गेलं.

त्या दिवशी रिक्षा करून मी मळ्यात गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते. चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. हातमोजे नाहीत तर फवारणी नाही. तुला काही झालं तर वहिनीने काय करायचं. सगळी वाक्यं रागाची होती, मला दुसरी येतच नाहीत. पण या वेळी तो राग कुणावर आहे ते नीट कळत नव्हतं. औषध विकणाऱ्या दुकानदारावर होता, बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना छापणाऱ्यांवर होता, हातमोजे हा बायकी प्रकार समजणाऱ्या साऱ्या गावावर होता. दादावर तर होताच. आणि रिक्षा मळ्याच्या वाटेला वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चार दिवसांत मी एका कुत्र्यासाठी डॉक्टर घरी आणला होता आणि भावासाठी फक्त आरडाओरडा केला होता.

दादा शेडपाशी होता. दसऱ्याच्या फुलांना पुन्हा अळी लागली होती. निळ्या पिंपात पाणी भरलेलं, शेजारी तसलीच बाटली, आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पिंपात. त्याचा चेहरा उतरला होता, डोळे खोल गेले होते. डाव्या हाताच्या नखांच्या कडेची कातडी सोलली होती आणि कोपराखाली करडे, जाड चट्टे पडले होते. तसली कातडी मी दुसऱ्या कुठल्याही जिवाची पाहिली असती तर लांबून ओळखली असती. ती कधीपासून तशी आहे हे मला माहीत नव्हतं.

मला बघून त्याने ढवळायचं थांबवलं.

"जगलं का कुत्रं?"

"जगलं. उभं राहिलं आज. पाणी प्यायलं."

त्याचा चेहरा खरोखर खुलला. "बरं झालं," म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, काही उलगडा होत नसल्यासारखं.

"मग तू कशाला आलीस?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. पण तो खरंच विचारत होता.