आधी आडवे, मग उभे

"केबल खराब आहे, कचरूभाऊ."

"केबल चांगली हाय, सर."

"मग निरोप अडतात कसे?"

"एकेकटा सोडला की जातो. सगळे एकदम सोडले की अडतात. गर्दी बघून केबल बिघडती काय?"

संगणकांच्या प्रयोगशाळेत अनिरुद्ध सरांनी टेबलावरच्या अर्जावर पेपरवेट ठेवलं. अर्ज प्राचार्यांच्या नावे होता: जोडणी सदोष, नव्या इमारतीतल्या जोडणीचं काम बाहेरच्या माणसाला द्यावं.

कचरूभाऊंनी तो टेबलापलीकडून उलटा वाचला. टेलिफोनच्या खांबांवर बारा वर्षं काढून ते वाघोलीच्या या कॉलेजात मदतनीस झाले, त्याला आता, नव्व्याण्णव साली, चार वर्षं होत होती. नव्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरून कुठली वायर कुठून न्यायची, हे त्यांनी मनात केव्हाच आखून ठेवलं होतं. इथले सोळा संगणकही त्यांनीच जोडले होते, चार-चारच्या चार रांगांत, प्रत्येक जण फक्त आडव्या-उभ्या शेजाऱ्यांना. सरांना सगळे एका ओळीत हवे होते.

"ओळीत लावले तर पहिल्याचा निरोप सोळाव्याला चौदा जणांच्या हातून जाईल," तेव्हा कचरूभाऊ म्हणाले होते. "चौकटीत पाचांत भागतंय."

ते भागलं होतं. अडलं होतं वेगळंच.

चहा आला, बरोबर शेंगदाणे. कचरूभाऊंनी पेपरातलं शब्दकोडं उघडलं. त्यांची शिस्त होती: आडवे शब्द संपल्याशिवाय उभ्यांना हात लावायचा नाही. तिसऱ्या शब्दावर पेन थांबलं.

"सर, निरोप वाट कशी निवडतो?"

"समोर जी मोकळी दिसेल ती. हुशार प्रोग्राम आहे, मी लिहिलाय."

"दिसतंय."

कचरूभाऊंनी कोड्यातल्या चौकोनात लागून असलेल्या चार घरांवर शेंगदाण्याचे चार दाणे ठेवले.

"ह्या पहिल्याला दुसऱ्याच्या घरात जायचंय, दुसऱ्याला तिसऱ्याच्या, तिसऱ्याला शेवटच्याच्या, आन् शेवटच्याला पहिल्याच्या. एका घरात जागा एकाचीच. आधी कोण हलणार?"

सरांनी एक दाणा सरकवायला बोट पुढं केलं आणि मागं घेतलं.

"कोणीच नाही. स्वारगेटच्या चौकातली वाहतूक कोंडी झाली की ही."

"मग शिस्त लावा. सगळ्यांनी आधी आडवं जायचं, मग उभं. उभं लागलं की पुन्हा आडवं वळायचं नाही. त्या वळणाबिगर गोल पुराच होत नाही, तर अडणार कुठं?"

"वाट लांबेल."

"मोजा."

सरांनी बोटानं घरं मोजली. दोनदा. वाट तेवढीच भरली. मग चेहरा शक्य तितका कोरा ठेवून प्रोग्राम बदलला आणि सोळाही संगणकांवरून निरोप एकदम सोडले. पडद्यावर पोचलेल्या निरोपांचा आकडा झरझर चढत गेला, शेवटपर्यंत. पुन्हा सोडले. पुन्हा सगळे पोचले.

कचरूभाऊंनी एक दाणा तोंडात टाकला.

"मग सर, केबल खराब हाय का?"

सरांनी पेपरवेट उचललं. अर्ज आधी आडवा फाडला, मग उभा, आणि चारही तुकडे खिशात घालून बाहेर निघून गेले.