गाठ गेल्यानंतरच्या सुया

माझ्या भाचीच्या पोटातली गाठ वहिनीला तिला न्हाऊ घालताना लागली. साबणाचा हात डाव्या कुशीवरून फिरला आणि तिथं काहीतरी घट्ट होतं. वायगोळा असेल म्हणून शेजारणींनी हिंग लावला, एरंडेल चोळलं. बेळगावच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि ताबडतोब बेंगळूरला न्यायला सांगितलं.

वहिनीला तेव्हा दिवस गेले होते आणि पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. दादाला नोकरी सोडून राहता येण्यासारखं नव्हतं. नवऱ्यानं टाकल्यापासून मी दादाकडेच होते. घरात काम पुष्कळ होतं, पण त्यातलं माझं असं काही नव्हतं. त्यामुळे मी जायचं हे कुणी ठरवावंसुद्धा लागलं नाही.

दवाखान्यात तिच्या खाटेला एक पाटी अडकवली होती. कानडी आणि इंग्रजी. मला दोन्ही वाचता येत नव्हतं. मी तिचं पोट चोळायला हात घातला तेव्हा नर्सबाई ओरडतच आली. पोट दाबू नका, गाठ फुटेल, असं त्या पाटीवर होतं. त्यानंतर कित्येक दिवस मी तिला उचलून घेताना हात कुठे ठेवावा याच विचारात असे.

ऑपरेशन करून गाठ काढली, गाठीबरोबर ते मूत्रपिंडही काढलं. पोट सपाट झालं. मला वाटलं, सुटलो. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सुया सुरू करायच्या.

चामराजपेटेत एका अक्कांच्या घरामागची खोली आम्हाला मिळाली. सकाळी मी भाचीला कडेवर घेऊन बसनं दवाखान्यात जायची, दुपारी परत यायची. वॉर्डातल्या बाकीच्या आया एकमेकींशी बोलायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. मी भिंतीकडे तोंड करून बसायची. माझं कानडी भाजी घेण्यापुरतं. अक्का दाराशी येऊन विचारायच्या, "ऊट आयता? स्वल्प सारू कोडला?" म्हणजे जेवलीस का, थोडं सार देऊ का. मी मान हलवायची, आणि त्या गेल्यावर वाटायचं की थोडा वेळ थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारी एकटी भाची. तिला तिसरं वर्ष लागलं होतं. केस गेले होते. ती मला आत्ती म्हणायची, आणि सुईच्या दिवशी माझ्याशी बोलायची नाही.

एकदा धीर करून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "गाठ गेली ना? मग हे कशाला?"

त्यांना घाई होती, तरी त्या खाटेवर टेकल्या आणि मला कळेल अशा मोडक्या हिंदीत सांगू लागल्या. बाळ आईच्या पोटात असताना मूत्रपिंड घडवणाऱ्या पेशी असतात, त्या काम झालं की मोठ्या होतात, शांत होतात. हिच्यातल्या काही मोठ्या झाल्याच नाहीत, तशाच बाळपणीच्या राहिल्या आणि वाढत सुटल्या. शिवाय गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसाव्यात, अशी शंका आहे. बहुतेक मरून जातात. थोड्याशा अशा असतील की त्यांच्यातून सगळी गाठ पुन्हा उभी राहील. "हेप्पु," त्या म्हणाल्या. हेप्पु म्हणजे विरजण. "दही सगळं काढलं, पण भांड्याला थेंबभर राहिलं तर?"

हे मला समजलं. इतकं समजलं की त्या दिवशी मी भाचीकडे बघायलाही घाबरले.

मग दादा आला. मुलगा झाल्याचे पेढे घेऊन आला. भाचीला खांद्यावर घेऊन खोलीभर नाचला, तिच्या टकलावरून हात फिरवून म्हणाला, "काय गं, पुजारी झालीस काय?" ती खिदळली. आमचं जेवण झाल्यावर म्हणाला, "सामान बांध. बारसं आहे. आत्याशिवाय बारसं होतं होय?"

बाळाच्या कानात नाव आत्यानंच सांगायचं. मग बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात. टाकलेल्या बाईला कुंकवाच्या कार्यात मागं उभं राहायची सवय असते. पाळण्याशी मात्र मला पुढं बोलावलं असतं. माझ्यापेक्षा जास्त तिथं जावंसं कुणाला वाटलं असेल?

"सुया राहिल्यात, दादा."

"बारसं झालं की आणू की परत."

"मध्ये खंड नको म्हणतात. वॉर्डातली एक पोर गावाला गेली होती, पोटाला परत गाठ घेऊन आली."

"फोटोत काही नाही. पोट बघ, पाटासारखं आहे. पोरीनं आईचं तोंड बघितलं नाही इतके महिने. आणि तू सुया मोजत बसलीयस?"

मी ताटं गोळा करायला लागले. तो चिडला.

"खरं सांगू बये? तुला सोडवेना झालीय पोर. ती गेली की तुला कोण आहे?"

अक्का दारात भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नसलं तरी त्या आल्या पावली परत गेल्या.

"कुणी नाही," मी म्हणाले. "आणि सोडवतही नाही. पण सुया मी ठरवलेल्या नाहीत. उद्या चल, तूच विचार."

दादापुढे इतकं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर दादा मलाच पुढं करू लागला. विचारावं लागलं मला. "ते विरजण उरलंय की नाही, कळतं कसं?"

"दही लागलं की कळतं."

"आणि उरलेलंच नसलं तर?"

"तर आमच्या सुया फुकट गेल्या. तसंच होऊ दे."

बाहेर आल्यावर दादा बाकावर बसला. मग म्हणाला, "तुझी वहिनी रडेल बघ." संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच गेला. बारशाला वहिनीच्या मावसबहिणीला आत्या करून उभं केलं. त्या दिवशी मी भाचीचा हात धरून बसले होते आणि नर्सबाईला तिची शीर सापडत नव्हती.

सुया संपल्यावर वहिनी बाळाला घेऊन स्वतः आली. भाचीनं आधी तिला ओळखलं नाही, मग ओळखलं, आणि मग माझ्याकडे यायची थांबली. मी मागं राहिले. अक्कांचं वय झालं होतं, त्यांना स्वयंपाकाला बाई हवी होती. दादानं आग्रह केला नाही.

पुढं तपासणीसाठी ते येत राहिले. आधी वारंवार, मग वर्षातून एकदा. ते यायच्या आठवड्यात मी खोली सारवल्यासारखी पुसून घ्यायची. भाची दर खेपेला वीतभर वाढलेली असे. आता ती मला अहोजाहो करायची. पोटाचा फोटो निघेपर्यंत मी देवाचं नाव घेत बसायची, की काही नसू दे. कधीच काही नसायचं. रात्रीच्या गाडीनं ते परत जायचे.

शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आता यायची गरज नाही. कशाचीच नाही." दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं त्यांच्या पाया पडायला वाकून त्यांना अवघडवलं. मीही हसले, मला खरंच आनंद झाला होता. बाहेर भाचीनं विचारलं, "आत्ती, तुम्ही येणार गावाला?" दादा पेढे घ्यायला पुढं गेला होता.

"येईन की," मी म्हणाले.

बसस्टँडवर तिला खिडकी मिळाली. धाकटा भाऊ तीच खिडकी मागत होता, म्हणून ती त्याच्याशी भांडत होती. गाडी सुटली तरी भांडतच होती.