लाल गाडीचा क्लच आणि माझा दीर

मी नळाखाली भांडी घासत होते आणि भिंतीपलीकडे गॅरेजात दोघे भाऊ भांडत होते. आवाज चढले तसा मी नळ बंद केला. फुकटचं ऐकायला कोणाला नको असतं?

"वीस वर्षं तुमच्या गॅरेजात राबतोय, दादा. पाटीवर माझं नाव कधी येणार?" हा माझा दीर.

"त्या लाल गाडीचा चिकटलेला क्लच इंजिन न उतरवता सोडव," आमचे हे म्हणाले. "शनिवारी फाटकाबाहेर काढलीस तर रविवारी पाटीवर तुझं नाव. आणि क्लचची प्लेट मोडलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

दीर माझ्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणून त्याला अरेतुरेच लिहिते. गॅरेजातले त्याला 'दांडू' म्हणायचे. क्लच चिकटला की बाकीचे हातोडा शोधत, हा आपला लाकडी दांडू काढी.

लाल गाडी दातांच्या डॉक्टरांची. जुनी, शर्यतीतल्यासारखी, दोघांपुरती. इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे जमिनीवर बसणंच. तीन वर्षं शेडमध्ये उभी राहिली आणि क्लचची प्लेट गंजून इंजिनाच्या चाकाला चिकटली. पेडल खाली जाई, पण इंजिन काही गिअरपासून सुटेना. तसली प्लेट आता कुठे मिळतही नव्हती.

दिराने पेडल तळापर्यंत दाबलं, पेडल आणि सीट यांच्यामध्ये दांडू बसवला आणि दोन दिवस गाडीला हात लावला नाही.

"काय रे, गाडी बाळंत व्हायची वाट बघतोयस?" आमचे हे येता-जाता विचारायचे. सगळे खदखदून हसायचे.

शनिवारी त्याने इंजिन चांगलं तापवून बंद केलं, दुसरा गिअर टाकला आणि क्लच दाबूनच चावी फिरवली. गाडी बेडकासारखी उडी मारून फाटकाबाहेर गेली. मागच्या रस्त्यावर क्लच तसाच दाबून तो अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, सोडायचा, द्यायचा, सोडायचा. चौथ्या फेरीला आतून खाडकन आवाज झाला आणि इंजिन मोकळं घोंगावलं. उतरला तेव्हा स्टिअरिंगवर आपटून ओठ फुटला होता, आणि हा हसत होता.

रविवारी रंगारी आला. आमच्या यांच्या नावाखाली त्याने लिहिलं, 'आणि मुलगा'. मुलगा आमचा, ज्याला पाना कुठला आणि पक्कड कुठली हे विचारावं लागे.

"दादा, तुम्ही शब्द दिला होता."

"मी? कोणी ऐकला?"

दिराने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी होत्या नळावर."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी म्हणाले, "नळ चालू होता, भाऊजी. काही ऐकू आलं नाही."

"तुझ्या कानात ग्रीस गेलंय, दांडू," आमचे हे म्हणाले. पुन्हा सगळे हसले. रंगारीसुद्धा.

सोमवारी तो वेळेवर कामाला आला. जाणार कुठे? बायको नाही, घर नाही, झोपायला गॅरेजातली खोली. त्या दिवसापासून हात धुतले की नळ इतका घट्ट पिळून बंद करायचा की मला दोन्ही हातांनीही उघडेना. अकरा वर्षं.

डॉक्टरांनी मात्र त्याला ओळखलं. क्लच पुन्हा चिकटू नये म्हणून दर रविवारी सकाळी त्यालाच बोलवत.

ज्या रविवारी दुपारी तो वारला, त्या सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि स्कूटर मागितली. "चालत जा, मोकळं होईल," आमचे हे म्हणाले. चावी माझ्या कमरेला होती. मी काढली नाही.

तो चालत गेला. डॉक्टर नंतर सांगत होते, त्याने क्लचचं पेडल नेहमीसारखं चाळीस वेळा दाबलं, फडक्याने पुसलं, गाडीची चावी खिळ्याला लावली. मग तो गॅरेजात परत आला, हात धुतले आणि नळ घट्ट पिळून बंद केला.